अंगठा तिचा, इंग्रजी माझं

इंग्रजी मी आवडीनं शिकलो नाही, रागानं शिकलो. खेड्यातल्या पोराला एवढं इंग्रजी कुठून आलं, असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी गुळगुळीत सांगून सुटका करून घेतो. आता या वयात गुळगुळीत बोलायचाही कंटाळा येतो. खरी गोष्ट अशी की आमच्या घरात अहिराणीतलं 'शे' होतं आणि शाळेत 'आहे' होतं, आणि या दोघांच्या मधे उभा राहून मी चौथीपर्यंत मार खाल्ला. घरी माय म्हणायची, "उत्तम, भाकर खाई ले." शाळेत तसंच काही तोंडून निघालं की गुरुजी हातावर छडी ओढायचे. "खाई ले नव्हे, खाऊन घे. माणसासारखं बोल." म्हणजे माझी माय माणसासारखं बोलत नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, ज्यांच्याकडे गावचे तंटे तुटायला यायचे, तेही माणसासारखं बोलत नव्हते. हे मी तेव्हा कोणाला विचारलं नाही, पण ते पोटात राहिलं, आणि इंग्रजी पहिलीत गेलो तेव्हा मला चक्क बरं वाटलं. इथं वाण्याचं पोर, वकिलाचं पोर आणि मी, तिघंही सारखेच मुके होतो. आता बघू म्हटलं.

इंग्रजी शाळा नंदुरबारला. आबांच्या ओळखीच्या एका कापूसवाल्याच्या घरामागे एक खोली होती, तिथं मी राहायचो. खोलीला खिडकी एकच, तीही जिनाकडे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याकडे उघडणारी, त्यामुळे हंगामात सरकीचा वास, रेच्यांची घरघर आणि दर पाळीला भोंगा. कापसाचे तंतू उडून यायचे ते दौतीत पडायचे, मग टाकाच्या टोकाला लांब शेपटी लागायची आणि अक्षरावर मिशा उगवायच्या. सोमवारी घरून निघताना माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून द्यायची. त्या बुधवारपर्यंत पुरायच्या, तिखटाच्या गोळ्याबरोबर. बुधवारनंतर मी स्वतः उडदाची दाळ शिजवायचो, ती कधी कच्ची तर कधी करपलेली. अजूनही उडदाची दाळ करपल्याचा वास आला की मला पाठोपाठ स्पेलिंग आठवतं. चुलीशी बसून मी तेच घोकत असायचो.

इंग्रजीचे मास्तर देशावरचे होते. बारीक, दमेकरी, कोटाची सगळी बटणं लावणारे. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. वर्गात आले की फळ्यावर आधी एक झाड काढायचे, पानं नाहीत, फांद्या नाहीत, नुसतं खोड आणि खाली मुळ्या. एका मुळीवर लिहायचे 'पोर्ट', वाहून नेणे. मग खोडावरून शब्द फुटायला लागायचे. बाहेर नेलं तर एक्स्पोर्ट, आत आणलं तर इम्पोर्ट, इकडचं तिकडे केलं तर ट्रान्सपोर्ट. "आणि स्टेशनावर तुमच्या ट्रंका उचलतो तो कोण?" आम्ही ओरडायचो, "हमाल!" "गाढवांनो, पोर्टर." दुसऱ्या दिवशी 'स्क्राइब', तिसऱ्या दिवशी 'स्पेक्ट'. मला ते फार आवडायचं. भुईमूग उपटला की एका झटक्यात खालच्या सगळ्या शेंगा वर येतात, तसं वाटायचं. एका मुळीमागे दहा शब्द. स्पेलिंगांचं मात्र तसं नव्हतं. तिथं मुकी अक्षरं बसलेली असायची, कामधाम काही नाही, पण गाळली की छडी. आणि जुळे शब्द. ॲक्सेप्ट नि एक्सेप्ट, ॲफेक्ट नि इफेक्ट. मास्तर म्हणायचे, यांना ओळखायला चेहरा बघू नका, कुठल्या घरात उभे आहेत ते बघा. त्यांची एकच खोड वाईट होती. निबंधात लांब शब्द दिसला की ते त्याच्याखाली लाल शाईनं रेघ मारून समासात 'छान' लिहायचे. साध्या शब्दाखाली त्यांनी कधी रेघ मारली नाही. आम्ही शहाणी पोरं, आम्हाला कळायला कितीसा वेळ लागणार? लहान शब्दाच्या जागी लांब शब्द बसवायचा, एवढंच काम उरलं. रोज दहा शब्द पाठ, वहीत तारीख घालून.

एक गोष्ट मी मास्तरांना विचारली होती. "मास्तर, 'शे'चं मूळ काय?" ते म्हणाले, "ते अपभ्रष्ट आहे." लॅटिनला मूळ, संस्कृतला मूळ, आणि आम्ही म्हणजे कुठंतरी मोडून पडलेला तुकडा. आज माझा नातू मोठ्या शाळेत जातो, त्याला अहिराणी बोललेली कळते, पण तो उत्तर देत नाही. मी त्याला रागावत नाही. रागवायला अंगात जोर लागतो.

शनिवारी मी गावी यायचो. आमचं गाव तापीच्या काठावर. घरात शिरलो की सोप्यावर बसून मोठ्यानं स्पेलिंगं म्हणायचो, शेजारच्यांना ऐकू जावं म्हणून. माय भरताची वांगी शेकत असायची. एकदा ती म्हणाली, "हाई काय मंतर शे रे भाऊ? कोनावर टाकी ऱ्हायना?" आबा हसले. ते कमी बोलायचे आणि त्याहून कमी हसायचे.

इंग्रजी सहावीत असताना मला दुसरी शाळा लागली, ती चळवळीच्या पत्रकांची. नंदुरबारात आम्ही पाचसहा पोरं जमायचो. जांभळ्या शाईनं कागद लिहायचा, तो सरसाच्या थरावर दाबायचा, मग एकेक कोरा कागद त्यावर ठेवून उचलायचा. पन्नासएक प्रती निघायच्या, शेवटच्या तर डोळ्याला लावून वाचायच्या. पत्रकाचे नियम सोपे होते. माणसाचं नाव घ्यायचं. जुलूम म्हणायचं, अन्याय म्हणायचं, वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. ज्याच्यासाठी लिहितो त्याला काय हवं आहे, हे विचारायचा नियम नव्हता. तसा नियम असू शकतो, हेच कोणाला सुचलं नव्हतं. मास्तरांचे लांब शब्द आणि पत्रकाचा जाळ, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी माझ्या हातात आल्या, आणि त्याच वर्षी ठगूमाय आमच्या दारात आली.

ठगूमाय ही भोयांच्या घरातली विधवा, वय पन्नासच्या पुढे, अंगानं काटक. नदीच्या वाळूत डांगर, म्हणजे खरबूज, लावून जगायची. आमच्याकडे रीत अशी की पावसाळ्यानंतर नदी आत सरली की उघड्या पडलेल्या वाळूच्या दोरी धरून पट्ट्या पाडायच्या. पट्टी कोणाच्या मालकीची नाही, कारण पुढल्या वर्षी नदी ती कुठं ठेवील ते नदीलाच माहीत. म्हणून दरसाल माठात ज्यानं त्यानं आपली खूण टाकायची, कोणी चिंचोका, कोणी शिंपला. ठगूमाय बांगडीचा हिरवा तुकडा टाकायची. स्वतः बांगडी घालत नव्हती, पण खूण तीच. गावातला सर्वांत म्हातारा माणूस डोळे मिटून एकेक खूण काढायचा आणि पट्ट्या ठरायच्या. त्यावर आजवर भांडण झालं नव्हतं. त्या वर्षी पाटलानं काठावर तेलाचं इंजिन बसवलं. प्रवाह लांब सरकलेला, काठाशी उरलेल्या डबक्यावर इंजिन चालायचं पण ते आटत आलेलं, म्हणून इंजिनाच्या नळापर्यंत पाणी आणायला वाळूतून चर खणायचा होता, आणि त्याची रेघ बरोबर ठगूमायच्या पट्टीवरून गेली. पाटलानं तिला खालच्या अंगाला, दगडगोट्यांतली पट्टी दाखवली. दगडात डांगर येत नाही. आणि वाळूतली ओल कोणासाठी थांबत नाही. महिन्याभरात बी पडलं नाही तर साल गेलं.

ती ओट्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "भाऊ, तू इंग्रजी लिखस ना? मन्हा एक कागद लिखी दे. मन्ही खूण निंघनी ती पट्टी माले पेरू द्या, इतलं सांग साहेबले."

मराठी अर्ज कचेरीत कारकुनाच्या हाताखाली जातो आणि तिथंच झोपतो, इंग्रजी अर्ज प्रांतसाहेब स्वतः वाचतो, हे मला पक्कं माहीत होतं. तेवढं माझं बरोबरही होतं. पुढचं सगळं चुकलं. मी दोन दिवस बसून तीन पानं लिहिली. वहीतले सगळे लांब शब्द त्यात घातले. टायरनी आली, ऑप्रेशन आलं, डेस्टिट्यूट विडो तर पहिल्याच ओळीत. पाटलाच्या नावाखाली मी रेघ मारली. हा माणूस वर्षानुवर्षं गोरगरिबांना छळतो, मारहाणीची भीती घालतो, असं लिहिलं. भीती घातल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं, पण पाटील आहे म्हणजे घालतच असणार. शेवटी अर्जदार अखेरच्या श्वासापर्यंत लढेल, असं वाक्य. ते वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

ठगूमायचा अंगठा शाईत बुडवताना ती म्हणाली, "काय लिखं रे?"

"तुन्ही बाजू लिखी. एकदम जोरमा."

"जोरमा काबर? साहेब बहिरा शे का?"

मी हसलो आणि अंगठा दाबला. वाचून दाखव, असं ती म्हणाली नाही. तिचा माझ्यावर भरवसा होता. मी म्हणालो असतो तर ती ऐकत बसली असती. मी म्हणालो नाही.

तीन आठवड्यांनी, मी सुटीत घरी असताना, प्रांतसाहेबांचा मुक्काम आमच्या गावच्या आमराईत पडला. साहेब गोरा नव्हता, मद्रासकडचा होता, चष्मा लावणारा, शांत. मराठी त्याला बेताचं यायचं. सकाळी सगळं गाव जमलं. इंजिन बंद ठेवलं होतं, त्यामुळे फार दिवसांनी नदीचा आवाज येत होता. माझा अर्ज साहेबांच्या हातात होता. तिसरं पान उलटताना त्यांनी मान हलवली, आणि मी आमराईत कोपऱ्यात उभा राहून फुललो. मग त्यांनी शिरस्तेदाराला सांगितलं, बाईला समजावून सांगा आणि विचारा. शिरस्तेदार कचेरीच्या मराठीत एकेक वाक्य सांगू लागला. अर्जदार असे लिहून देते की, सदर पाटील हा जुलमी असून त्याने अर्जदारास मारहाणीची धमकी दिली.

ठगूमायनं ते नीट ऐकलं. शेजारच्या बाईला अर्थ विचारला. मग म्हणाली, "नही बाबा. पाटील माले कधी मारं नही. मन्ही पोरगीना बाळंतपणले त्यानी बायको दोन दिन मन्हा घर बठेल व्हती."

"मग हे तू लिहून दिलंस ना? अंगठा तुझाच ना?"

"अंगठा मन्हा शे," ती म्हणाली. "बोलनं मन्हं नही."

पाटील खाली बघत होता. आबा झाडाला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटले. ठगूमाय पट्टीचं सांगायला लागली, बांगडीचा तुकडा, माठ, ओल, पण शिरस्तेदार म्हणाला, ते अर्जात नाही. आणि खरंच नव्हतं. तीन पानांत पट्टीचा उल्लेख एका ओळीत होता, तोही अशा शब्दांत की मलाच शोधायला वेळ लागला असता.

साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहिलं? मी पुढं झालो. भ्यालो नाही, उलट याच क्षणाची वाट बघत होतो. इंग्रजीत म्हणालो, मी लिहिलं. साहेबांनी मला जवळ बोलावलं. कुठल्या शाळेत, कितवी, बाप काय करतो. मी फटाफट उत्तरं दिली. सगळं गाव तोंड उघडं टाकून बघत होतं, आमच्या गावच्या पोरानं साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा डेस्टिट्यूट शब्द कशापासून झाला, माहीत आहे? मला माहीत होतं. मी सांगितलं, लॅटिनमधून. 'स्टॅट' म्हणजे उभं करणं, 'डि' म्हणजे दूर. ज्याला दूर नेऊन एकटं सोडून दिलं तो. साहेबांचा चेहरा खुलला. व्हेरी गुड, म्हणाले. पाठीवर हात ठेवला. मॅट्रिकला इंग्रजीत तुझा नंबर येईल, म्हणाले. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो शिरस्तेदाराकडे दिला. अर्जदार स्वतःच मजकूर नाकारते, सबब चौकशीचं कारण नाही, दप्तरी दाखल.

ठगूमाय चार पावलांवर उभी होती. मुळासकट तो शब्द मी सांगत असताना ती माझ्याकडे कौतुकानं बघत होती. गर्दी पांगली तेव्हा तिनं माझी बाही धरली. "साहेब हासना ना रे? तुन्ही पाठ थोपटी. व्हई गयं का मन्हं काम?"

त्यानंतर मी जन्मभर भाषणं केली, लाठ्याही खाल्ल्या. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला जेवढा थांबलो, तेवढा कुठंच थांबलो नाही. शेवटी मान हलवली. नाही झालं.

घरी आबांनी पाय धुतले आणि ओट्यावर बसले. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "पाटील कबूल व्हता. दोन दिन पहिले बोलनं व्हयनं आमनं. चर काठवरथीन लई जास, म्हने. अर्धी पट्टी ठगूले सोडस, म्हने."

"मंग आबा, माले सांगं काबर नही?"

"तू इचारं व्हतं का?"

पाटलानं संध्याकाळी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं, ती साहेबकडे गयी ना, आते साहेबच दी तिले पट्टी. दुसऱ्या दिवशी चर खणायला माणसं लागली आणि इंजिन पुन्हा ठकठक करू लागलं.

दोनतीन दिवसांनी दुपारी ठगूमाय आली. मी लपायला आत वळलो तर तिनं हाक मारली. रागावलेली नव्हती. नक्कल शे का तुन्हाकडे, म्हणाली. होती. "मंग वाच आते. मन्हा अंगठा कशावर शे, ते तर आयकू दे."

मी वाचायला बसलो. एकेक वाक्य अहिराणीत करायचं होतं. आयुष्यात एवढं अवघड भाषांतर मी केलं नाही. अर्ध्या शब्दांना घरात शब्दच नव्हते, आणि ज्यांना होते ते मायच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. पाटलाचं वर्णन ऐकून ती म्हणाली, "हाऊ पाटील शे का राक्षस?" मी पुढं वाचलं. ती म्हणाली, "मी इतली रडस का रे?" चुलीपाशी माय तोंडाला पदर लावून हसत होती. अखेरच्या श्वासाचं वाक्य आलं तेव्हा ठगूमायनं हात वर करून मला थांबवलं. "शेवटला दमपावत लढसू? मी? कोनसंगे? माले डांगर पेरना शेतस रे भाऊ." मग तीही हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि मी जमिनीकडे बघत बसलो. आजही बसलो आहे असं कधीकधी वाटतं.

"आते लिख," ती म्हणाली. "मी सांगस तसं."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. पाटील भाऊ, मन्ही खूण निंघनी ती पट्टी तुन्हा चरमा जास. चर जराखा काठवर ली जाय. वाळूमा वल शे तवपावत माले पेरू दे. पहिला डांगर तुन्हा घर धाडसू. बस, एवढंच. मी म्हटलं, जुलमाचं काहीतरी घालू का? ती म्हणाली, नही. मी म्हटलं, निदान 'हक्क' तरी? नही. साहेबाकडे पाठवायचा का, विचारलं, तर म्हणाली, "पाटीलना दारमा जाय आनि वाच."

मी गेलो. ज्याच्या नावाखाली रेघ मारली होती त्या माणसाच्या दारात उभा राहून मी त्या चार ओळी वाचल्या, घरच्या बोलीत, शाळेत जिच्यासाठी छडी खाल्ली तिच्यात. पाटलानं सुपारी कातरायची थांबवली. पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "हाई ठगूमायनं बोलनं शे. पहिले हाईच काबर नही लई उना?" त्यानं नदीकडे बघितलं. चर खणून झाला होता, वरची वाळू पांढरी पडली होती. "आते वल कोठे शे?" तो म्हणाला. "पुढला साल देखसूत."

त्या वर्षी ठगूमायनं वाळूत काही पेरलं नाही. आमच्या शेतात कापूस वेचायला आली, बाकीच्या बायांबरोबर, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मी शनिवारी गावी आलो की बांधावरून जायचं टाळायचो. मास्तरांनी वर्गात साहेबांनी केलेलं माझं कौतुक वाचून दाखवलं, कारण साहेबांनी शाळेला मुद्दाम तसं कळवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी रोज दहा शब्द पाठ करायचं सोडलं नाही, हेही लिहितो. मॅट्रिकही झालो. माणूस एका फटक्यात सुधारतो, असं काही नसतं.

पुढल्या वर्षी नदी सरली, माठ आला, खुणा पडल्या. ठगूमायला वरच्या अंगाची चांगली पट्टी निघाली. चर काठावरून गेला. पण त्या वर्षापासून तलाठी पट्ट्यांची नोंद ठेवू लागला होता, प्रत्येकाचा अंगठा घेत होता. रांगेत तिची पाळी आली तेव्हा तिनं मूठ मिटली.

"वाच पहिले."

तलाठी नवा होता, नगरकडचा. त्यानं कपाळाला आठी घालून वाचलं, सदरहू इसम, चतुःसीमा, सबब. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. ठगूमाय हलली नाही.

"आते मन्हा बोलमा सांग."

तलाठ्यानं इकडंतिकडं पाहिलं. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुढं गेलो, वही हातात घेतली, आणि जे लिहिलं होतं तेवढंच, त्यात एक शब्दही न घालता, तिला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, एका ठिकाणी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तिनं मूठ उघडली.